आयबीएम ५१५० च्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये आजचा संगणक : एकही नवे छिद्र न पाडता

४ ऑक्टोबर : हाती काय आहे

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या ५१५० या पर्सनल कॉम्प्युटरचे कॅबिनेट हाती आले आहे. आत मूळ मदरबोर्ड नाही आणि एकही कार्ड नाही. निकामी झालेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा संच), पूर्ण उंचीचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह, पुढच्या बाजूचा छोटा स्पीकर आणि ८३ कळांचा मूळ कीबोर्ड एवढेच शिल्लक आहे. यात मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड बसवून रोजच्या वापराचा संगणक तयार करायचा आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक नियम ठरवला आहे : मूळ पत्र्याला नवे छिद्र पाडायचे नाही, तो कुठेही कापायचा नाही आणि रंग खरवडायचा नाही. अशा कामात बहुतेक वेळा ग्राइंडरने मागची भिंत कापून नव्या बोर्डाच्या पोर्टसाठी खिडकी केली जाते. काम तासाभरात होते, पण ते कॅबिनेट मूळ यंत्रासाठी कायमचे बाद होते. उद्या कोणाकडे चालू स्थितीतला ५१५० चा बोर्ड असेल आणि कॅबिनेट नसेल, तर त्या माणसाला हे कॅबिनेट जसेच्या तसे देता आले पाहिजे. पुढची प्रत्येक अडचण या एका नियमामुळे आलेली आहे आणि तो सोडण्याची माझी तयारी नाही.

ज्यांच्या कॅबिनेटमध्ये मूळ बोर्ड अजून आहे त्यांनी तो मृत समजून काढण्याची घाई करू नये. या बोर्डावरील टँटलम कपॅसिटर जुने झाले की शॉर्ट होतात. तसे झाले की एसएमपीएस स्वतःचे संरक्षण म्हणून सुरूच होत नाही आणि संपूर्ण यंत्र मेल्यासारखे दिसते. वीज तोडून १२ व्होल्टच्या आणि उणे १२ व्होल्टच्या रेषेचा जमिनीशी (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूशी) असलेला रोध मल्टिमीटरने मोजावा. तो शून्याजवळ आला तर एक कपॅसिटर बदलून यंत्र जिवंत होण्याची बरीच शक्यता असते, आणि मग या नोंदींची गरजच उरत नाही.

६ ऑक्टोबर : मोजमाप

कॅबिनेटची बाहेरची मापे साधारण ५०० मिमी रुंद, ४१० मिमी खोल आणि १४२ मिमी उंच अशी आहेत. समोरून पाहिले तर उजवीकडे पुढे दोन ड्राइव्ह, त्यांच्या मागे एसएमपीएस आणि डावीकडे मदरबोर्डाची जागा. मूळ बोर्ड सुमारे साडेआठ इंच बाय अकरा इंच, म्हणजे २१६ बाय २७९ मिमी होता. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमी असतो. त्यामुळे जागेची चणचण नाही. चणचण आहे ती बोर्ड बाहेरच्या जगाला जोडण्याच्या वाटांची.

आजच्या बोर्डाचे पोर्ट मागे ज्या आयताकृती खिडकीतून बाहेर येतात ती १५८.७५ बाय ४४.४५ मिमीची असते. ५१५० च्या मागच्या भिंतीत अशी खिडकीच नाही. तिथे आहेत पाच कार्डांच्या उभ्या फटी आणि कीबोर्ड व कॅसेट यांच्यासाठी दोन गोल छिद्रे. सगळ्या जोडण्या या सात वाटांनीच बाहेर काढाव्या लागतील.

योजना अशी : मूळ बोर्डाच्या आकाराचा २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तळाशी बसवायचा. तो मूळ बोर्डाच्याच बैठकीवर बसेल, म्हणजे तळाच्या किल्लीच्या भोकासारख्या खाचांत सरकणारे प्लास्टिकचे स्टँडऑफ (बोर्ड तळापासून उचलून धरणारे छोटे खांब) आणि दोन स्क्रू यांवर. नव्या बोर्डासाठी लागणारी सगळी छिद्रे या पत्र्यात पाडायची. पुढे हे सारे काढायचे झाले तर दोन स्क्रू काढून पत्रा थोडा सरकवला की पुरेल.

११ ऑक्टोबर : पहिला पत्रा वाया

मागच्या फटींमध्ये बसवायच्या पट्ट्या आणि त्यांना आतून आधार देणारी चौकट मी याच पत्र्यावर आखली होती. फटींमधले अंतर फूटपट्टीने मोजले तेव्हा २५ मिमी भरले आणि तेच धरून छिद्रे पाडली. पहिल्या दोन पट्ट्या बसल्या, तिसरी घासून बसली, पाचवी बसलीच नाही.

कारण उघड आहे. ५१५० मधल्या स्लॉटचे अंतर बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिमी आहे. प्रत्येक फटीमागे ०.४ मिमीची चूक, आणि पाचव्या फटीपर्यंत पोहोचताना ती १.६ मिमी होते. संपूर्ण यंत्राची आखणी इंचात झाली असल्यामुळे या कॅबिनेटवर काम करताना मापेही इंचातच घ्यावीत आणि शेवटी एकदाच मिलिमीटरमध्ये आणावीत, हे आता पक्के झाले आहे. कानशीने छिद्रे लांबवून पत्रा वाचवण्याचा प्रयत्न केला, परंतु मग पट्ट्या सैल राहू लागल्या, म्हणून तो टाकून दिला. एक पत्रा आणि शनिवारचा संपूर्ण दिवस गेला.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट : एक्सटी या नंतरच्या यंत्रात आठ स्लॉट आहेत आणि त्यांचे अंतर ०.८ इंच आहे, जे आजच्या कॅबिनेटमध्येही तसेच आहे. त्यामुळे एक्सटीवर काम करणाऱ्यांनी इथली मापे उचलू नयेत. उलट ५१५० मध्ये दोन स्लॉट व्यापणारे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचारही करू नये, कारण कार्डाच्या पट्टीची दुसरी बाजू फटीसमोर येतच नाही. मी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला बोर्ड निवडला आहे.

१८ ऑक्टोबर : दुसरा पत्रा

या वेळी आधी जाड पुठ्ठ्याचा साचा केला. कॅबिनेटच्या तळावर कागद अंथरून पेन्सिलीने घासून खाचांचा ठसा घेतला, त्यावरून पुठ्ठा कापला, पुठ्ठा प्रत्यक्ष बसवून पाहिला आणि मगच पत्र्याला ड्रिल लावले. दोन तास जास्त लागले, पण पत्रा पहिल्याच वेळी बसला.

मिनी-आयटीएक्स बोर्डासाठी पितळी स्टँडऑफ वापरले आहेत. त्यांची उंची किमान ६.३५ मिमी असावी लागते, नाहीतर बोर्डाच्या मागची सोल्डरची टोके पत्र्याला टेकण्याचा धोका असतो. बोर्डाची पोर्टची बाजू मागच्या भिंतीकडेच ठेवली, पण बोर्ड भिंतीपासून सुमारे ८० मिमी पुढे घेतला. मधल्या मोकळ्या पट्ट्यात यूएसबी, नेटवर्क आणि मॉनिटरच्या केबलचे प्लग मावतात आणि वळतात. ६० मिमी ठेवून पाहिले होते, तेव्हा डिस्प्लेपोर्टचा सरळ प्लग भिंतीला टेकून केबल वाकत होती.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट स्क्रूंची. कॅबिनेटचे मूळ स्क्रू षटकोनी डोक्याचे आणि इंची आट्यांचे आहेत. एम३ (३ मिमीचा मेट्रिक) स्क्रू त्या भोकात सैलसर जातो आणि दोन-चार फेऱ्या घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आट्यांचे अंतर वेगळे असल्याने जोर दिला की मूळ आटे कापले जातात. मूळ स्क्रू धुऊन त्याच जागी वापरले आहेत. नवे लागले तिथे सहा-बत्तीस या इंची मापाचे घेतले आणि एम३ केवळ माझ्या पत्र्यापुरते ठेवले.

प्लास्टिकचे स्टँडऑफ वीज वाहून नेत नाहीत, तेव्हा पत्रा आणि कॅबिनेट यांच्यातला विजेचा संपर्क केवळ त्या दोन स्क्रूंवर अवलंबून आहे. मल्टिमीटरने पाहिले तर रोध कधी एक ओहमच्या खाली, तर कधी चाळीसच्या घरात दाखवत होता. स्क्रूखाली दातेरी वॉशर घातल्यावर आकडा स्थिर झाला. ही तपासणी कोणीही वगळू नये.

१९ ऑक्टोबर : मागची भिंत

पाच फटींपैकी तीन फटी जोडण्यांसाठी वापरायच्या ठरवल्या : पहिलीत चार यूएसबी, दुसरीत नेटवर्क आणि डिस्प्लेपोर्ट, तिसरी अँटेनासाठी राखीव. उरलेल्या दोन फटी मूळ कोऱ्या पट्ट्यांनी बंद.

आधी मॉनिटरसाठी एचडीएमआयची मीटरभर लांबीची जोडकेबल वापरली. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटपर्यंतची वाहिनी लागते. बोर्ड ते पट्टी आणि पट्टी ते मॉनिटर असे दोन तुकडे जोडल्यावर चित्र मधूनमधून काळे पडू लागले. बोर्डाला थेट केबल लावली की दोष नाहीसा होई. ३० सेंटिमीटरची, चांगल्या आवरणाची डिस्प्लेपोर्ट जोडकेबल घातल्यावर चित्र स्थिर झाले. इतक्या वेगाच्या सिग्नलसाठी प्रत्येक जास्तीचा सांधा महाग पडतो. या कामात सर्वांत अनावश्यक खर्च केबलवर झाला आणि तो टाळता येण्यासारखा होता : आधी बोर्डाची जागा पक्की करावी, दोरीने वाट मोजावी आणि मगच केबल घ्यावी.

२५ ऑक्टोबर : वीजपुरवठा

५१५० चा मूळ एसएमपीएस केवळ ६३.५ वॉटचा होता आणि संपूर्ण यंत्र त्याच्याच एका पंख्यावर थंड राहत असे. त्याची पत्र्याची पेटी मात्र जपण्यासारखी आहे, कारण कॅबिनेटच्या उजव्या बाजूने बाहेर येणारा मोठा लाल खटका त्या पेटीचाच भाग आहे. पेटी रिकामी करून तिच्यात एसएफएक्स मापाचा, म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा नवा एसएमपीएस बसवायचा आणि जुना सर्किट बोर्ड खूणचिठ्ठीसह पिशवीत जपून ठेवायचा असे ठरवले.

पेटी उघडणाऱ्यांसाठी इशारा : एसएमपीएसच्या आतले मोठे कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही विद्युतभार धरून राहू शकतात, आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यांचा दाब सुमारे ३२० व्होल्ट असतो. आधी मोजावे, रोधकातून विद्युतभार उतरवावा, पुन्हा मोजावे आणि मगच हात लावावा. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी हा टप्पा जाणकाराकडूनच करून घ्यावा.

जुन्या पेटीवरचा विजेचा सॉकेट कायम ठेवून तिथून आत काटकोनी प्लगची छोटी वायर नव्या एसएमपीएसपर्यंत नेली. सरळ प्लग पेटीच्या भिंतीला भिडत होता. अर्थिंगची वायर पेटीच्या पत्र्याला रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर लावून घट्ट बसवली. पेटीवर मॉनिटरला वीज देणारा दुसरा सॉकेटही आहे. तो जोडलेला नाही. मूळ रचनेत लाल खटका बंद केला की त्याचीही वीज जाई. आता खटक्याचे काम बदलणार असल्यामुळे तो सॉकेट कायम जिवंत राहिला असता, आणि यंत्र बंद दिसत असताना मागे उघडा जिवंत सॉकेट असणे मला मान्य नाही.

१ नोव्हेंबर : लाल खटका

या संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ या एका खटक्यावर गेला. ज्यांनी हे यंत्र वापरले आहे त्यांना त्याचा जड हेलकावा आणि ठाम आवाज आठवत असेल. तो कोपऱ्यात शोभेपुरता ठेवून यंत्र एखाद्या लपवलेल्या बटणाने सुरू करणे मला पटले नाही.

अडचण अशी आहे की जुना खटका एकदा वर केला की वरच राहतो, तर आजच्या बोर्डाला क्षणभर दाबून सोडलेले बटण हवे असते. खटका थेट बोर्डाच्या पॉवर बटणाच्या पिनांना जोडून पाहिला. यंत्र सुरू झाले आणि चार सेकंदांनी बंद पडले. बटण चार सेकंद दाबून धरले की सक्तीने बंद व्हायचे, असे बोर्डाला शिकवलेले असते, आणि वर राहिलेला खटका म्हणजे त्याच्या दृष्टीने दाबून धरलेले बटणच.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे खटक्याने मुख्य वीजच तोडायची आणि वीज येताच सुरू होण्याची सोय बायोसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये) चालू करायची. सुरू करण्यापुरते हे उत्तम चालते. बंद करताना मात्र ऑपरेटिंग सिस्टीम चालू असताना वीज तुटते आणि फाइलींचे नुकसान होऊ शकते. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळात ही सवय चालून जाई, आज चालत नाही.

शेवटी मध्ये एटीटायनी८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला प्रोग्राम करता येणारा संगणक) घातला. त्याला बोर्ड बंद असतानाही मिळणारी ५ व्होल्टची स्टँडबाय वीज दिली. ही वीज २४ पिनांच्या प्लगमधल्या जांभळ्या वायरवर मिळते. एसएमपीएसची स्वतःची वायर न कापता जोडकेबल घेऊन तिच्यातून फाटा काढला. खटक्याची स्थिती बदलली की कंट्रोलर ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणाऱ्या भागामार्फत) बोर्डाच्या बटणाच्या पिना ३०० मिलिसेकंद जोडून सोडतो. खाली केला तर ऑपरेटिंग सिस्टीमला बंद होण्याची रीतसर सूचना जाते.

८ नोव्हेंबर : खटका, पुढे चालू

आठवडाभराच्या वापरात दोन दोष दिसले.

पहिला दोष तर्काचा होता. सिस्टीममधून यंत्र बंद केले की खटका वरच राहतो. मग तो खाली केला की कंट्रोलर बटण दाबतो आणि बंद यंत्र सुरू होते. म्हणजे यंत्र सध्या चालू आहे की नाही हे कंट्रोलरला कळायला हवे. आधी बोर्डाच्या पॉवर एलईडीच्या पिनेवरून ते वाचले, पण यंत्र झोपेत गेले की हा एलईडी लुकलुकतो आणि कंट्रोलर गोंधळतो. आता मुख्य ५ व्होल्टची लाल वायर १० किलोओहमच्या रोधकातून वाचली जाते, आणि नियम असा की खटक्याची नवी स्थिती आणि यंत्राची स्थिती जुळत नसेल तरच बटण दाबायचे. झोपेत ही वायरसुद्धा बंद असते, त्यामुळे झोपलेले यंत्र खटक्याने बंद होत नाही. यावर स्वच्छ उपाय सापडला नाही, म्हणून बायोसमध्ये झोपेची सोयच बंद केली आहे.

दुसरा दोष शोधायला फार वेळ लागला. खटका वर केल्यावर कधी काहीच घडत नसे, तर कधी एका हेलकाव्यात दोनदा बटण दाबले जाई. प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंद थांबण्याची सोय केली, तरी फरक पडला नाही. मूळ खटका मुख्य विजेचा मोठा प्रवाह तोडण्यासाठी घडवलेला आहे. त्याच्या संपर्कांवर वर्षानुवर्षे साचलेला ऑक्साइडचा थर मोठ्या प्रवाहापुढे टिकत नाही, पण कंट्रोलरच्या आतल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अपमधून (रेष ५ व्होल्टकडे ओढून ठेवणाऱ्या रोधकातून) जाणारा मिलिॲम्पिअरच्या दशांशाएवढा प्रवाह तो थर भेदू शकत नाही. बाहेरून ४७० ओहमचा पुल-अप लावून संपर्कांतून सुमारे १० मिलिॲम्पिअर वाहू दिल्यावर खटका एकदाही चुकलेला नाही. जुने जड खटके नव्या नाजूक सर्किटला जोडणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावे. मी मात्र त्याआधी प्रोग्राम पुन्हा पुन्हा बदलत बसलो आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

९ नोव्हेंबर : कीबोर्ड

मूळ ८३ कळांचा कीबोर्ड यांत्रिकदृष्ट्या उत्तम स्थितीत आहे. प्रत्येक कळीखाली वाकणारी स्प्रिंग आहे. त्याची भाषा मात्र आजच्या यूएसबीची नाही, आणि नंतरच्या पीएस/२ ची सुद्धा नाही, त्यामुळे बाजारात सहज मिळणारे पीएस/२ चे कन्व्हर्टर इथे निरुपयोगी आहेत. एटीमेगा३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर असलेल्या छोट्या बोर्डावर एक्सटी कीबोर्ड (५१५० च्या कीबोर्डाची भाषा तीच आहे) वाचणारे मुक्त फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये राहणारा प्रोग्राम, चढवले. कीबोर्डाच्या पाच पिनांच्या गोल डिन सॉकेटमध्ये पिन १ वर क्लॉक, २ वर डेटा, ४ वर जमीन आणि ५ वर ५ व्होल्ट असतात. सॉकेटच्या मागून सोल्डर करताना हा क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो, म्हणून वीज देण्यापूर्वी प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी.

मूळ यंत्रात डिन सॉकेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला होता आणि भिंतीच्या गोल छिद्रातून तो फक्त डोकावत असे. त्यामुळे भिंतीवर तो कसण्यासाठी स्क्रूची भोके नाहीत. सॉकेट परफबोर्डावर (छिद्रे असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डावर) बसवून तो बोर्ड माझ्या पत्र्यावर उभ्या कोनाने धरला. आधी कोन एकाच स्क्रूवर होता आणि प्लग घालताना संपूर्ण बोर्ड मागे ढकलला जाई. दोन स्क्रू आणि मागे टेकू दिल्यावर तो हलत नाही. शेजारच्या कॅसेटच्या छिद्रात तसाच सॉकेट बसवून त्यावर ध्वनी काढला आहे. दोन्ही सॉकेट दिसायला एकसारखे आहेत. मूळ यंत्रातही ते तसेच होते, म्हणून आतून रंगीत खूण केली आहे.

या कीबोर्डावर एफ११, एफ१२, स्वतंत्र बाणांच्या कळा आणि विंडोजची कळ नाही. बोर्डाचा बूट मेनू एफ१२ वर आणि बायोस डिलीटवर उघडतो, पण या कीबोर्डाची डिलीट अंकफलकावरच्या टिंबाच्या कळीवर आहे आणि बायोस ती डिलीट म्हणून ओळखत नाही. फर्मवेअरमध्ये स्क्रोल लॉक दाबून धरल्यावर चालू होणारा दुसरा थर केला : त्यात एफ१ आणि एफ२ म्हणजे एफ११ आणि एफ१२, आणि टिंब म्हणजे खरी डिलीट. ही आखणी आधीच करून ठेवावी, नाहीतर ऐन वेळी दुसरा कीबोर्ड शोधावा लागतो.

१६ नोव्हेंबर : फ्लॉपी ड्राइव्ह

ड्राइव्हच्या आतली यंत्रणा काढून फक्त दर्शनी भाग ठेवावा आणि मागे एसएसडी लपवावी, असे बरेच जण करतात. दोन्ही ड्राइव्ह दुरुस्त होण्यासारखे असताना तसे करणे या कामाच्या नियमात बसत नाही. एसएसडी मदरबोर्डावरच एम.२ सॉकेटमध्ये आहे, तिला वेगळ्या जागेची गरजही नाही. ड्राइव्ह ग्रीझविझल या यूएसबी इंटरफेसला जोडून जुन्या फ्लॉपी वाचण्यासाठी वापरायचे ठरवले.

ड्राइव्ह टँडनचे टीएम१००-२ आहेत : दोन्ही बाजू वाचणारे, ४० ट्रॅकचे, मिनिटाला ३०० फेऱ्या. आधी उजवीकडचा बी ड्राइव्ह एकटाच जोडला. मोटार आपोआप सुरू-बंद होऊ लागली आणि हेड भलत्याच ट्रॅकवर जाऊ लागले. आयबीएमच्या रचनेत सिग्नल स्थिर ठेवणारा रोधकांचा टर्मिनेटर केबलच्या टोकाला असलेल्या ए ड्राइव्हवरच असतो, बी वरून तो काढलेला असतो. टर्मिनेटरशिवाय ड्राइव्हच्या इनपुट रेषा लोंबकळत राहतात आणि कोणत्याही विद्युत गोंगाटाला आज्ञा समजतात. ए ड्राइव्ह टोकाला जोडताच तो शांत झाला.

ए ड्राइव्हचा वेग कमी होता. टीएम१०० च्या खालच्या चाकावर वेग जुळवण्यासाठी रेघा छापलेल्या असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. माझ्या खोलीतला एलईडी दिवा तसा लुकलुकत नसल्यामुळे त्या रेघांचा उपयोग झाला नाही. ग्रीझविझल प्रत्येक फेरीचा कालावधी मोजू शकतो, आणि ३०० फेऱ्यांसाठी तो २०० मिलिसेकंद असायला हवा. मोटारीचा पट्टा साफ करून आणि वेगाचा स्क्रू अगदी हलकेच फिरवून तो तिथे आणला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यानंतर पहिली फ्लॉपी संपूर्ण वाचली गेली. बी ड्राइव्हचे हेड अजून शेवटच्या ट्रॅकपर्यंत जात नाही. रेल्सवरचे ग्रीस घट्ट झाले असावे, ते काम नंतर हाती घ्यायचे आहे.

२२ नोव्हेंबर : उष्णता

६५ वॉटचा प्रोसेसर आणि ३७ मिमी उंचीचा बुटका कूलर अशी सुरुवात होती. कव्हर उघडे असताना सततच्या भाराखाली तापमान ७५ अंशांच्या आसपास राहिले. कव्हर बंद केल्यावर ते ९० च्या वर गेले आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागला.

हवा वाढवण्यासाठी मागच्या दोन कोऱ्या पट्ट्या काढून पाहिल्या. तापमान आणखी चढले. बाहेर हवा ओढणारा पंखा एसएमपीएसच्या पेटीतच आहे, आणि उघड्या फटींतून आलेली हवा बोर्डावरून न जाता जवळच्या वाटेने थेट पेटीकडे जाते. पट्ट्या परत लावल्या. त्यानंतर ड्राइव्ह आणि पेटी यांच्यामधल्या अरुंद जागेत कोंबलेल्या केबलची जुडी सोडवून ती तळाशी सपाट बांधली, आणि पेटीच्या आत नव्या एसएमपीएसची गरम हवा पुन्हा त्याच्याच पंख्याकडे वळू नये म्हणून पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचा आडोसा केला. या दोन बदलांनी सहा-सात अंश उतरले.

खरा फरक पडला तो कूलर बदलल्याने. मिनी-आयटीएक्स म्हणजे बुटका कूलर, हे गृहीत इथे लागूच होत नाही. या कॅबिनेटमध्ये ४.२ इंच, म्हणजे १०७ मिमी उंचीची कार्डे उभी राहत असत, आणि ती सगळी उंची आता बोर्डाच्या वर मोकळी आहे. ७० मिमीचा कूलर सहज बसला. प्रोसेसरची मर्यादा बायोसमध्ये ४५ वॉटवर आणली. आता कव्हर बंद असताना ७० च्या वर तापमान जात नाही आणि पंख्याचा आवाज ड्राइव्हच्या मोटारीपेक्षा कमी आहे.

२३ नोव्हेंबर : वाय-फाय

कव्हर लावल्यावर वाय-फाय जवळजवळ नाहीसे होते. चारही बाजूंनी पोलाद असल्यामुळे ते अपेक्षितच होते. राखीव तिसऱ्या फटीतल्या पट्टीवर दोन अँटेना सॉकेट बसवले, सिग्नल पूर्ववत झाला. कव्हर पुढे सरकवून काढावे लागते आणि त्याची आतली कड अँटेनाच्या बारीक वायरला अडकत होती, म्हणून ती वायर पत्र्याच्या कडेला चिमट्याने बांधली आहे.

३० नोव्हेंबर : उलट तपासणी

आज सगळे सुटे केले. पत्रा, बोर्ड, पट्ट्या, कन्व्हर्टर, नवा एसएमपीएस आणि कंट्रोलर बाहेर काढून कॅबिनेट ४ ऑक्टोबरच्या स्थितीत आणले, जुना सर्किट बोर्ड पेटीत परत ठेवून पाहिला आणि पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोंशी प्रत्येक छिद्र व कड ताडून पाहिली. नवे छिद्र नाही, कापलेली कड नाही. दोन जागी फरक आहे. दातेरी वॉशरने दोन स्क्रूंभोवती बारीक ओरखडे उठले आहेत, आणि विजेच्या सॉकेटमागच्या तीन सोल्डर जोडण्या माझ्या आहेत. ओरखडे अर्थिंगसाठी अटळ होते, त्यांची भरपाई करता येत नाही. सॉकेटच्या मूळ जोडण्यांचा आराखडा जुन्या सर्किट बोर्डाच्या पिशवीत ठेवला आहे.

पुन्हा जोडायला अडीच तास लागले, त्यातला बराचसा वेळ केबल तळाशी सपाट बांधण्यात गेला. जोडताना क्रम असा ठेवावा : आधी एसएमपीएसची पेटी, मग पत्रा, मग मागच्या पट्ट्या, आणि ड्राइव्ह शेवटी. ड्राइव्ह आधी बसवले तर पेटीच्या पुढच्या बाजूच्या केबलपर्यंत हात पोहोचत नाही.